पूर्ण बॅकअप की फक्त बदलांचा? गटाच्या कॉम्प्युटरची राखण

बचत गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं सूत्र, नोंदी अद्ययावत ठेवणं. आता या नोंदी बऱ्याच गटांत कॉम्प्युटरवर आल्या आहेत. कुणाच्या तरी घरी मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर असतो, त्यातच गटाचा हिशोब असतो, ठराव असतात, आणि घरच्या लग्नाचे फोटोही असतात. हा कॉम्प्युटर एक दिवस बंद पडला तर काय? आज आपण याबद्दल बोलणार आहोत.

‘आम्ही बॅकअप घेतो’ असं पुष्कळ जणी सांगतात. बॅकअप म्हणजे राखीव प्रत. आम्हीही असंच सांगत होतो. आमचं काय झालं ते आधी ऐका.

आमच्या एका गटाच्या सचिवताई दर शनिवारी बैठक झाली की बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यायच्या. कधी चुकल्या नाहीत. पण डिस्क भरत आली. जागा करायची म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून बघितलं, तर त्यात एक फाइल सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी होती. बाकीच्या छोट्या छोट्या आणि ताज्या. आम्ही म्हटलं, जुनी काढून टाकू, ताज्या आहेत ना! ती काढली. पुढे पावसाळ्यात विजेचा दाब कमीजास्त झाला आणि कॉम्प्युटरमधली डिस्क गेली. आम्ही निवांत होतो, आपल्याकडे प्रत आहे. पण त्या ताज्या अकरा फायलींपैकी एकही उघडेना.

कारण साधं होतं. काढून टाकलेली मोठी फाइल म्हणजे पूर्ण प्रत होती. छोट्या फायलींत फक्त त्यानंतरचे बदल होते. मूळ प्रतच नाही, तर बदल कशात मिळवायचे?

वाईट याचं वाटतं की कॉम्प्युटर आला म्हणून चार महिन्यांपासून आम्ही कागदी वही लिहिणं सोडलं होतं. मग सभासदांची पासबुकं आणि बँकेचं पासबुक घेऊन आम्ही हिशोब पुन्हा उभा करायला बसलो. त्यात एका ताईंचा १,५०० रुपयांचा हप्ता कुठेच सापडेना. त्या म्हणत होत्या, ‘मी भरलाय, त्या दिवशी पासबुक घरी राहिलं होतं.’ त्या खोटं बोलत नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कुजबुज सुरू झालीच. आठ दिवस त्या ताईंच्या पोटात अन्न गेलं नाही. शेवटी बँकेतल्या भरण्याची स्लिप सापडली. त्या बैठकीत कर्जवाटप नव्हतं, म्हणून जमलेली सगळी रक्कम बँकेत भरली होती. स्लिपवर ९,४०० रुपये होते आणि बाकीच्या पासबुकांची बेरीज ७,९०० येत होती. फरक बरोबर १,५०० चा. ताई सुटल्या, पण पुढचे दोन शनिवार त्या बैठकीत कुणाशी बोलल्या नाहीत. म्हणून आम्ही सांगतो, बॅकअपमध्ये नुसत्या फायली नसतात, आपल्या बाईचा शब्द त्यात सांभाळलेला असतो.

आता समजून घेऊ. बॅकअप मुख्यतः दोन प्रकारचा.

पहिला पूर्ण बॅकअप. ठरवलेल्या सगळ्या फायली दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवायच्या. खतावणीची अख्खी वही दर आठवड्याला दुसऱ्या वहीत लिहून काढावी तसं. फायदा असा की कुठलीही एक प्रत घ्या, ती आपल्या पायावर उभी असते. परत आणायला सोपी. तोटा म्हणजे जागा आणि वेळ जास्त लागतो.

दुसरा बदलांचा बॅकअप, त्याला इन्क्रिमेंटल म्हणतात. आधी एकदा पूर्ण प्रत घ्यायची. नंतर दर वेळी, मागच्या बॅकअपनंतर जे नवं आलं किंवा बदललं तेवढंच उतरवायचं. वहीची नक्कल एकदाच केली आणि पुढे दर शनिवारची एक चिठ्ठी तिच्यात ठेवत गेलो, असं समजा. काम झटपट होतं. पण हिशोब परत उभा करायचा तर मूळ नक्कल लागते आणि त्यानंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या ओळीने लागतात. मधली एक चिठ्ठी हरवली की पुढचा मेळ बसत नाही.

या दोघांच्या मधला एक प्रकार आहे, डिफरेन्शियल. त्यात दर वेळी मूळ पूर्ण प्रतीनंतरचे सगळे बदल एकत्र घेतात. परत आणायला दोनच गोष्टी लागतात, मूळ प्रत आणि शेवटची चिठ्ठी. मात्र ती चिठ्ठी दर आठवड्याला जाड होत जाते.

जागेचा हिशोब मांडून बघू. समजा कॉम्प्युटरवर फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं मिळून ६० जीबी आहे आणि आठवड्याला साधारण १ जीबी भर पडते. चार शनिवार पूर्ण प्रत घेतली तर ६०, ६१, ६२, ६३ मिळून २४६ जीबी जागा लागेल. पहिल्या शनिवारी पूर्ण आणि पुढचे तीन शनिवार फक्त बदल घेतले तर ६३ जीबीत भागेल. वेळेचंही तसंच. मोठी प्रत घ्यायला आमच्याकडे दीड तास लागतो, बदलांची प्रत काही मिनिटांत होते. आपल्याकडे वीज मध्येच जाते. अर्ध्यावर तुटलेल्या प्रतीवर विसंबू नका, वीज आली की पुन्हा घ्या.

मग कोणता निवडायचा? आपला ऐवज किती आहे ते आधी बघा. फोल्डरवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की आकार दिसतो.

गटाचा नुसता हिशोब, ठराव आणि पावत्या असतील तर तो ऐवज छोटाच असतो. तिथे फार विचार करू नका. दर बैठकीनंतर पूर्ण प्रत घ्या. फोल्डरला तारखेचं नाव द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादीत ओळीने लागतात. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नका. समजा कुणाच्या हातून एका रकान्यातली बेरीज पुसली गेली आणि ते तीन आठवड्यांनी लक्षात आलं. एकच प्रत ठेवून तिच्यावर दर वेळी नवी चढवली असेल तर तीच चूक प्रतीतही गेलेली असते. जुन्या तारखेची प्रत असेल तर बेरीज सापडते.

घरचे फोटो, प्रशिक्षणाचे व्हिडिओ असा मोठा ऐवज असेल तर महिन्यातून एकदा पूर्ण आणि दर आठवड्याला बदल, असा मेळ घाला. साखळी एका महिन्याहून लांबवू नका. आणि आमची चूक करू नका. नवी पूर्ण प्रत पुरी होऊन ती उघडून बघितल्याशिवाय जुनी पूर्ण प्रत काढायची नाही. काढायची तेव्हा तिच्यासोबतच्या बदलांच्या फायलीही काढायच्या, कारण तिच्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ नावाची सोय असते. ती स्वतः चालू करावी लागते. चालू केल्यावर बाहेरची डिस्क जोडलेली असेल तेव्हा ती बदललेल्या फायली आपोआप उतरवून ठेवते. पण ती ठराविक फोल्डर बघते, जसं डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप. गटाचा हिशोब दुसरीकडे ठेवला असेल तर तो आपोआप येत नाही. म्हणून आपला फोल्डर त्यात आहे का, हे तपासा.

‘आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे’ असंही काही जणी म्हणतात. ते चांगलंच आहे, पण कॉम्प्युटरशी जुळवून ठेवलेली फाइल इकडे पुसली की तिकडेही पुसली जाते, आणि तिथल्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. फुकटची जागा १५ जीबी, त्यात ईमेल आणि फोटोही आले. म्हणून तेवढ्यावर अवलंबून राहू नका.

यावर एक सोपा नियम जगभर वापरतात, तीन-दोन-एक. ऐवजाच्या एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक पेनड्राइव्हवर अध्यक्षताईंच्या घरी. आग लागली, चोरी झाली, पाणी शिरलं, तरी एक घर वाचतं. काम झालं की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर कॉम्प्युटरमधला व्हायरस प्रतीतही शिरू शकतो. सभासदांच्या आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रती असतील तर पेनड्राइव्हला पासवर्ड लावा. तो पासवर्ड दोघींना माहीत असू द्या, एकीलाच नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत उघडून बघा. आम्ही अकरा शनिवार प्रत घेतली, एकदाही उघडली नाही. आता महिन्याच्या शेवटच्या बैठकीत आम्ही प्रतीतून एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो आणि कुणाही एका सभासदाची शिल्लक तिच्या पासबुकाशी ताडून बघतो. पाच मिनिटं लागतात. कागदी वहीही पुन्हा सुरू केली आहे. ज्या ताईंचा हप्ता सापडत नव्हता, त्याच आता शिल्लक ताडून बघतात. ते काम त्यांनी स्वतः मागून घेतलं.

३१ मार्चला आपलं आर्थिक वर्ष संपतं. तोच दिवस जगात बॅकअप दिन म्हणूनही पाळतात. त्या दिवशीची पूर्ण प्रत वेगळी काढून, वर वर्ष लिहून, जपून ठेवा. लेखापरीक्षणाला तीच कामाला येते.

येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा आणि ठरावात लिहा. प्रत कोण घेणार, कोणत्या दिवशी घेणार, आणि दुसरी प्रत कुणाच्या घरी राहणार. तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.