विदा घरी आली

गेल्या महिन्यात एका भामट्याचा फोन आला. माझं नाव, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे त्याला तोंडपाठ होते. फोन आपटला आणि २०१८ आठवलं.

त्याआधी माहिती देशाबाहेर नेण्याबाबत नियम नव्हते असं नाही. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार सरकारी कागद केंद्राच्या परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. आमच्या धंद्यात त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

६ एप्रिल २०१८ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. पैशांच्या व्यवहारांची सगळी विदा (आम्ही डेटाच म्हणायचो) फक्त भारतात ठेवायची. मुदत सहा महिने. मी पेमेंटच्या धंद्यातल्या एका कंपनीत होतो, सर्व्हर सिंगापूरला. तो अख्खा पावसाळा महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीत गेला. बाहेर धो धो पाऊस, आत अंगात स्वेटर, कारण यंत्रांना गारवा लागतो. साहेब त्या ‘फक्त’वर वकिलांशी महिनाभर घासाघीस करत होते. एक प्रत तिकडे राहिली तर? नाही चालणार. ऑक्टोबरात काम उरकलं आणि त्यांनी पेढे वाटले. ‘विदा घरी आली!’

त्याच वर्षी जुलैत न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा विदा-संरक्षण कायद्याचा मसुदा आला. वैयक्तिक माहितीची निदान एक प्रत देशात हवी, असं त्यात होतं. मुंबई दंगलींचा अहवाल लिहिणारे हेच श्रीकृष्ण. त्यांच्या लेखनाचं पुढे काय होतं ते मुंबईकराला ठाऊक आहे. २०१९चं विधेयक पातळ निघालं, २०२२मध्ये मागे घेतलं गेलं. २०२३च्या कायद्याने तर दारच उघडलं: सरकार मनाई करील ते देश वगळून माहिती कुठेही न्या.

रिझर्व्ह बँक मात्र हटली नाही. २०१८चा नियम न पाळल्याबद्दल २०२१मध्ये तिने अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स आणि मग मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास बंदी केली. ते योग्यच झालं, असं मी आजही म्हणतो.

राग आहे तो स्वतःवर. ते परिपत्रक परवा पुन्हा वाचलं. कारण स्वच्छ लिहिलंय: देखरेख करणाऱ्यांना विदा विनाअडथळा पाहता यावी. ग्राहकाची माहिती सुरक्षित राहील, हे आम्हीच पदरचं जोडून बैठकांतून सांगत फिरलो. मीसुद्धा.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. भामटा शुद्ध मराठी बोलत होता, हे तिथल्या मुलीने दोनदा विचारून लिहून घेतलं.