दोन लाखांची टेलिफोटो झूम लेन्स : घ्यावी की न घ्यावी?

जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात नाटक रंगात आलेले असते. नायक तलवार उपसतो, छायाचित्रकार कळ दाबतो आणि कॅमेऱ्यात उमटते ती केवळ एक धूसर रेघ. अशा वेळी ‘एफ/२.८’ छिद्राची ७०-२०० मिलिमीटर झूम लेन्स मनात घर करते. नामांकित कंपनीच्या या लेन्सची किंमत दोन लाख रुपयांच्या घरात जाते. ती हप्त्यांवर घेण्यापूर्वी हा पैसा नेमका कशासाठी मोजायचा, हे समजून घेणे हिताचे.

तो मोजायचा प्रकाशासाठी. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. २०० मिलिमीटरवर एफ/४ साठी ५० मिलिमीटरचे, तर एफ/२.८ साठी सुमारे ७१ मिलिमीटरचे छिद्र लागते. छिद्राचे क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून प्रकाशही दुप्पट. जेथे एफ/४ वर १/१२५ सेकंद लागतो, तेथे एफ/२.८ वर १/२५० सेकंद पुरतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा हाताचा कंप सावरते. रंगमंचावरील नटाची हालचाल ती थांबवू शकत नाही. तेथे प्रकाशच हवा.

मात्र या प्रकाशाचे ओझेही वाहावे लागते. कॅननची २०१९ सालची आरएफ ७०-२०० एफ/२.८ लेन्स १,०७० ग्रॅम वजनाची आहे. त्याच मालिकेतील एफ/४ लेन्स ६९५ ग्रॅमची आणि बरीच स्वस्त. दिवसाउजेडी मैदानी खेळ वा निसर्ग टिपणाऱ्यास दुसरी पुरेशी ठरते.

चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जाणाऱ्यांची गरज निराळीच. खारफुटीतील खंड्यासाठी २०० मिलिमीटर तोकडे पडतात. तेथे ५०० वा ६०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स हवी. २०१९ ची वरील कॅनन लेन्स तर पल्ला वाढवणारे एक्स्टेंडरही स्वीकारत नाही. म्हणजे पक्ष्यांसाठी ती घेणे हा चुकीचा खर्च.

निर्णयाची कसोटी आपल्याच संगणकात असते. प्रत्येक छायाचित्रासोबत नाभीय अंतर, छिद्र, वेग आणि आयएसओ यांची नोंद होते. गेल्या वर्षातील फसलेली छायाचित्रे काढून पाहावीत. त्यांतील बहुतेक कमी उजेडात, छिद्र पूर्ण उघडूनही हलली असतील, तर महाग लेन्स उपयोगी पडेल. चूक फोकसची वा उभे राहण्याच्या जागेची असेल, तर ती लेन्स बदलून सुटणार नाही. त्यानंतर एखाद्या लग्नासाठी किंवा जत्रेसाठी लेन्स भाड्याने घ्यावी. व्यावसायिकाने मासिक हप्ता आणि त्या लेन्समुळे वाढणारे उत्पन्न यांचा हिशेब मांडावा. हौशी माणसाने ती वर्षातून किती रात्री बाहेर निघेल, एवढे मोजावे.

गोव्याच्या दमट पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, हेही ध्यानी घ्यावे. लेन्स सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवावी लागते. तो खर्च आधीच धरावा. वापरलेली लेन्स घेताना आरपार विजेरी धरून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, ते पाहावे. नवी घेताना पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी यांचा आग्रह धरावा.

रात्रीच्या रंगमंचावर ज्याची उपजीविका चालते, त्याला हा खर्च परवडू शकतो. इतरांनी आधी आपली छायाचित्रे मोजावीत, मग पैसे.