सगळ्यांचं ताट एकच!

“एवढंसं खाल्लं तर काय होतंय? आमच्या वेळी नव्हती बाई ही असली ॲलर्जी-बिलर्जी!” ज्या घरात कुणाला तरी खाण्यातलं काही चालत नाही, त्या घरातल्या बाईनं हे वाक्य निदान शंभरदा तरी ऐकलेलं असतं. कधी सासूकडून, कधी शेजारणीकडून, कधी तर खुद्द नवऱ्याकडून. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या ‘एवढंशा’ची धास्ती घेऊन दिवसातून तीनदा गॅसपाशी उभी राहते ती बाईच.

आमच्या हिंजवडीत गावठाणातली जुनी घरं आहेत आणि आयटी पार्कमुळे उभ्या राहिलेल्या सोसायट्याही. बंगाली, तेलुगू, पंजाबी, नागपूरकर, कोल्हापूरकर, सगळ्यांचे स्वयंपाक वेगळे. पण बायकांच्या बैठकीत हा विषय निघाला, की तक्रार एकच. एकीच्या मुलाला दूध चालत नाही, दुसरीच्या मुलीला अंडं, तिसरीच्या नवऱ्याला कोळंबी. आणि प्रश्न ठरलेला, “रोज वेगवेगळं किती करायचं हो?”

आमच्या एकत्र कुटुंबात हे तिन्ही बाजूंनी आहे. माझ्या लेकीला शेंगदाणे चालत नाहीत, जाऊबाईंच्या धाकट्याला दूध, आणि सासूबाईंना सीलिॲक आजार असल्यानं गहू बंद. म्हणजे दाण्याचं कूट, दूध-दही आणि चपाती, मराठी घराचे तीन खांबच म्हणा ना! तरीही आम्ही दोघी जावा एकच स्वयंपाक करतो. ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

दोन स्वयंपाक का नकोत?

पहिलं कारण उघड आहे, बाई दमते. पण त्याहून मोठी कारणं दोन. वेगळ्या पातेल्यातलं वेगळं जेवणारं मूल रोज दोन वेळा शिकत असतं, की आपण या पंगतीतले नाही. ते बोलून दाखवत नाही, पण दुसऱ्याच्या ताटाकडे बघत जेवतं. आणि दुसरं म्हणजे दोन स्वयंपाक असले की घात होतो तो पळीमुळे. या आमटीतली पळी त्या आमटीत जाते, दाण्याची चटणी काढलेला चमचा भाजीत पडतो. ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याला तेवढंही पुरतं.

म्हणून आमचा नियम असा. ज्याला सगळ्यात कमी चालतं, त्याच्यासाठी म्हणून स्वयंपाक करायचा आणि तोच सगळ्यांनी जेवायचा. बाकीच्यांना जे हवं ते वरून. आपलं ताट बघा ना, ते आधीच तसं मांडलेलं असतं. मध्ये भात, भाकरी, भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. तूप आणि दही वरून. मूळ पदार्थ जवळजवळ कुणालाच नडत नाही, नडतं ते वरचं आणि आत कालवलेलं. तेव्हा कूट कोशिंबिरीत कालवू नका, दही आमटीत घालू नका. ज्याला हवं तो वाटीतून घेईल. मात्र ॲलर्जी जोराची असेल, तर ती वस्तू घरातच आणायची नाही. आमच्याकडे दाणे अजिबात येत नाहीत. दूध येतं, पण त्याचं भांडं, गाळणी आणि फडकं निराळं.

आधी नेमकं काय ते कळू द्या

‘चालत नाही’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. दूध प्यायल्यावर पोट फुगणं, जुलाब होणं ही बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार असते. अशा माणसाला दही-ताक पुष्कळदा चालतं. दुधाची ॲलर्जी म्हणजे दुधातल्या प्रथिनावर शरीरानं चवताळून उठणं. तिथं ताकही नको, आणि शेळीचं दूधही नको, कारण त्यातली प्रथिनं बरीचशी तशीच असतात. तुपाचंही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि सीलिॲक ही ॲलर्जी नव्हेच. त्यात गहू, जव यांतल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करत राहतं. दिल्लीच्या ‘एम्स’च्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या भागात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला. दक्षिणेकडे तो बराच कमी. या आजाराची शंका असेल तर रक्त तपासण्याआधी चपाती बंद करू नका. गहू पोटात जात असेल तरच तपासणी खरं बोलते.

रक्ताच्या तपासणीबद्दल आणखी एक. हल्ली एकाच नमुन्यात पन्नास-शंभर पदार्थांची यादी छापून मिळते, आणि घाबरून आई निम्मा किराणा बंद करते. बंगळूर-म्हैसूरकडच्या प्रौढांची एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध खूण सापडली, पण ॲलर्जी असावी असं वाटलं ते फक्त १.२ टक्क्यांच्या बाबतीत! तेव्हा कागदावरच्या यादीपेक्षा ‘काय खाल्लं, किती वेळानं काय झालं’ ही वहीतली नोंद मोलाची. ती घेऊन ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे जा. वाढत्या मुलाचं खाणं उगाच कमी करणं हाही अपायच आहे.

आणि परदेशातल्या याद्या जशाच्या तशा आपल्याला लागू पडत नाहीत. मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं, की आपल्याकडे हरभरा हे ॲलर्जीचं मोठं कारण आहे. म्हणजे बेसन, डाळं, पुरणपोळी, शेव, सगळं आलं. कूट नको म्हणून सर्रास डाळ्याचं पीठ वापरणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. दाणे आणि हरभरा एकाच कुळातले. दाणे न चालणाऱ्या बहुतेकांना हरभरा चालतो, पण एकदा विचारून घेतलेलं बरं.

डब्यात, गिरणीत, पाकिटावर

गहू बंद झाला तर मराठी बाईनं घाबरायचं कारणच नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा आणि तांदूळ, यांत कशातच ग्लूटेन नाही. आमच्या मुळशी-मावळच्या पट्ट्यात तर भात हेच मुख्य पीक. शेजारच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो. त्याच्या पिठाची भाकरी मऊसूत होते.

खरी अडचण गिरणीत आहे. आपण नेतो निव्वळ ज्वारी, पण आधीच्या बाईनं गहू दळलेले असतात आणि ते पीठ जात्यात, कापडी पिशवीत राहिलेलं असतं. ते आपल्या डब्यात येतं. ‘ग्लूटेन फ्री’ म्हणवून घ्यायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे चिमूटभर पिठानंही ती ओलांडली जाते. म्हणून ज्या घरात सीलिॲक आहे तिथे घरघंटी ही चैन समजू नये. चार बायकांनी मिळून घेतली आणि तिच्यात गहू दळायचाच नाही असं ठरवलं तरी चालतं. परात, चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं हवं. आणि हिंगाची डबी बघा! डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, ते पुष्कळदा गव्हाचं. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तो घ्या, नाहीतर जिरं-लसणाची फोडणी द्या.

दाण्यांच्या बाबतीत तेलाकडे लक्ष हवं. रिफाइंड तेलात दाण्यातली प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण लाकडी घाण्याच्या तेलात ती उतरतात. घाण्याचं तेल चांगलं, पण दाण्याची ॲलर्जी असलेल्यासाठी नव्हे. शिवाय फरसाण, चिवडा, तळलेली भजी यांचं तेल कसलं, हे आपल्याला कुठे कळतं?

पाकिटावरचं वाचायची सवय मुलांनाही लावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लूटेनचं धान्य, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम आणि सोयाबीन असल्यास तसं छापणं बंधनकारक आहे. पण या यादीत तीळ नाही आणि हरभराही नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला, आपल्याकडच्या त्या यादीत तो आलेला नाही. म्हणून खालची ठळक ओळ वाचून थांबू नका, घटकांची सगळी यादी वाचा. ‘केसीन’, ‘व्हे’, ‘मिल्क सॉलिड्स’ म्हणजे दूधच. ‘माल्ट’ म्हणजे बहुधा जव. आणि गोडा मसाला घरचा असो की विकतचा, त्यात तीळ असतातच.

दूध बंद म्हणजे कॅल्शियम बंद, असंही नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. राजगिरा आहे, शेवग्याचा पाला आहे. मात्र दोन वर्षांखालच्या बाळाला दुधाऐवजी काय द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतील. नारळाचं दूध चवीला छान, पण बाळाचं दूध म्हणून ते पुरत नाही.

प्रसाद, पंगत आणि ‘एक घास’

घरात सांभाळता येतं, अवघड पडतं ते बाहेर. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड असतं, गाव पाहुण्यांनी भरतं. गणपतीत घरोघरी पंचखाद्य, संक्रांतीला तिळगूळ, हळदीकुंकवाला दूध. नाही म्हटलं की समोरचीला अपमान वाटतो. अशा वेळी मी सांगते, “प्रसाद हातात घ्या, कपाळाला लावा आणि घरच्यांना द्या.” देव रागावत नाही. मोदक तर तांदळाच्या पिठाचे, गूळ-खोबऱ्याचे. वर तूप नसेल तर जवळपास सगळ्यांना चालतील.

आमच्या बचत गटातल्या बायका आयटीतल्या मुलांना डबे देतात. आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहायचं, ‘दाणे आहेत’, ‘दूध आहे’, ‘गहू आहे’. पेनाचा खर्च तेवढा. ज्यांना गरज नाही त्यांचं काही बिघडत नाही, ज्यांना आहे त्यांचा जीव वाचू शकतो.

हो, जीव! ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास झाला, उलट्यांबरोबर चक्कर आली, तर लिंबूपाणी, हळद असं काही करत बसू नका. १०८ ला फोन करा नाहीतर तडक मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शन वेळेत मिळणं महत्त्वाचं. आणि हो, ‘सवय होईल’ म्हणून ॲलर्जी असलेल्याला चोरून थोडं थोडं चारू नका.

पण नव्या बाळाला भीतीपोटी काहीच न देणं, हेही बरोबर नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त, अशा ६४० बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षातच दाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली, त्यांच्यात पाचव्या वर्षी दाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. बाळाला जोराचा इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खा दाणा तान्ह्या बाळाला कधीच नाही, तो घशात अडकतो.

आता आमच्या घरच्या तीन कृती. दाणे, गहू, दूध, अंडं, हरभरा, तीळ यांपैकी कशातच काही नाही.

तांदळाची उकड
साहित्य : १ वाटी तांदळाचं पीठ, २ वाट्या पाणी, १ वाटी नारळाचं पातळ दूध, ५-६ लसूण पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या, जिरं, हळद, मीठ, तेल, अर्धं लिंबू, कोथिंबीर.
कृती : पीठ पाण्यात आणि नारळाच्या दुधात गुठळी न राहता कालवा. जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, हळद यांची फोडणी करून त्यात हे ओता. मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहा. घट्ट झालं की झाकण ठेवून दोन वाफा काढा. खाली उतरवून लिंबू पिळा. ताकाची आठवण येत नाही.

साबुदाण्याची खिचडी (कुटाशिवाय)
कूट नुसतं चवीला नसतं, ते साबुदाण्याचा ओलावा ओढून घेतं. म्हणून साबुदाणा नेहमीपेक्षा कमी पाण्यात, जेमतेम ओला राहील असा भिजवा. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस कोरडा भाजून हातानं चुरा. २ वाट्या भिजलेल्या साबुदाण्याला तो, मीठ आणि चवीपुरती साखर चोळा. तेलात जिरं, मिरची, बटाट्याच्या काचऱ्या परतून साबुदाणा घाला. एक वाफ पुरे. लगेच वाढा.

वाढदिवसाचं सांदण
साहित्य : २ वाट्या इडलीचा तांदळाचा रवा, २ वाट्या आमरस, १ वाटी चिरलेला गूळ, १ वाटी नारळाचं घट्ट दूध, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, पाव चमचा खायचा सोडा, थोडं खोबरेल.
कृती : रवा चमचाभर खोबरेल तेलात मंद भाजून गार करा. नारळाच्या दुधात गूळ विरघळवा, त्यात रस, मीठ, वेलदोडा आणि रवा घालून तासभर झाकून ठेवा. फार घट्ट वाटलं तर थोडं नारळाचं दूध वाढवा. सोडा घालून हलकेच ढवळा आणि तेल लावलेल्या खोलगट ताटलीत ओतून वीस मिनिटं वाफवा. सुरी कोरडी निघाली की झालं. गार झाल्यावर ताटात उलटं करा. कोकणातला हा पदार्थ दिसतो पिवळाधमक केकसारखा. मध्ये मेणबत्ती लावा आणि सगळ्या पोरांना त्यातलंच कापून द्या.