प्राणवायू मोजणारा प्रकाश

नंदुरबार जिल्ह्यात दोन मोठ्या धरणांचा फुगवटा शिरला आहे. गुजरातेत तापीवर १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे पाणी नवापूर तालुक्यापर्यंत येते, तर सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावांना झळ पोचवली. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेकांना आता त्याच पाण्यातील मासळीचा आधार आहे. म्हणूनच या पाण्यात प्राणवायू किती, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

पाणी जितके उबदार, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो ७.६ मिलिग्रॅमवर येतो. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच वापरते. त्यामुळे पहाटे, सूर्योदयापूर्वी, त्याचे प्रमाण सर्वांत खाली असते. मोकळा मासा अशा वेळी दुसरीकडे जाऊ शकतो. जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेल्या माशांना मात्र ती वाट नसते.

हंगेरीचे रसायनतज्ज्ञ विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली मोजणीची रासायनिक पद्धत अचूक आहे. पण तिला बाटल्या, रसायने आणि सरावलेला हात लागतो. अमेरिकेचे लेलँड क्लार्क यांचा १९५६ मधील विद्युत्‌ संवेदक सुटसुटीत खरा. परंतु तो मोजता मोजता थोडा प्राणवायू स्वतःच खर्च करतो. म्हणून साचलेल्या पाण्यात तो सतत हलवावा लागतो. शिवाय त्याचा पातळ पडदा आणि आतील द्रावण वेळोवेळी बदलावे लागते.

प्रकाशीय संवेदक या अडचणी टाळतो. त्याच्या टोकावरील टोपीत रुथेनियमसारख्या धातूच्या संयुगाचा लेप असतो. त्यावर निळा प्रकाश पडला की लेप लालसर उजळतो. यालाच फ्लुरोसन्स किंवा अनुस्फुरण म्हणतात. प्राणवायूचा रेणू लेपाला भिडला की ती ऊर्जा तो काढून घेतो आणि उजेड लवकर मावळतो. ही गोष्ट जर्मनीचे हान्स काउट्स्की यांनी १९३० च्या दशकात दाखवली. उजेड जितका लवकर मावळेल, तितका प्राणवायू जास्त. हा काळ एका सेकंदाच्या अतिशय लहान भागाइतका असतो. उपकरण प्रामुख्याने उजेडाची तीव्रता न मोजता हा काळ मोजते. त्यामुळे लेप थोडा फिका पडला, तरी आकडा फारसा बिघडत नाही.

हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या अशा उपकरणाची केबल होडीतून हव्या त्या खोलीपर्यंत सोडता येते. वाचन स्थिर व्हायला साधारणतः मिनिटभर पुरते. अर्थात, टोपीवर साचलेले शेवाळ हलक्या हाताने पुसावे लागते, अधूनमधून दमट हवेत १०० टक्क्यांचे मापन जुळवून घ्यावे लागते आणि ठरावीक मुदतीने टोपी बदलावी लागते. सुरुवातीची किंमतही जुन्या संवेदकापेक्षा सहसा अधिक असते.

अनेक माशांसाठी लिटरमागे ५ मिलिग्रॅम ही समाधानाची पातळी मानली जाते. त्याखाली त्यांची वाढ मंदावू लागते, तर २ च्या आसपास जिवावर बेतू शकते. या दोन आकड्यांमधल्या वेळात खाद्य थांबवता येते, पाण्यात हवा सोडता येते, मासळी लवकर काढता येते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागल्यावर संकट कळले, तर हा अवधी बहुधा संपलेला असतो. एकेका मच्छीमाराला न परवडणारे हे उपकरण सहकारी संस्थेमार्फत सामाईक घेता येईल. मात्र पहाटे उठून मोजणारा माणूस आणि त्याची नोंदवही त्यासोबत हवीच.