माझे, माझ्याजवळ, माझ्या नावावर

वाशीमच्या बाजारात ‘माही माय’ ऐकू येते, तर मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला ‘मारी याडी’. पहिली वऱ्हाडी, दुसरी बंजारा बांधवांची गोरमाटी. दोन्हींत बोलणारा पुरुष असो वा स्त्री, शब्दाचे लिंग ठरते ते आईवरून! इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखे क्रियापद मात्र मराठीला नाही. आपण ‘मला भाऊ आहे’ म्हणतो, पण ‘माझ्याजवळ पैसे आहेत’. नाते कायमचे, पैसा नुसता जवळ, उद्या दुसऱ्याजवळ. शेत तर ‘माझ्या नावावर’, म्हणजे सातबाऱ्यावर. जन्मभर राबणाऱ्या कितीतरी बाया ‘माहं वावर’ म्हणतात, पण ते त्यांच्या नावावर नसते. मला वाटते, बोलीने त्यांना दिलेली मालकी आता सातबाऱ्यानेही द्यावी.