पुढची काच तीच राहते
लेखमाला : जंगल आणि कॅमेरा – भाग ९

टिपेश्वरच्या सफारीचं बुकिंग झालं की कॅमेरेवाल्याला दोन काळज्या लागतात. वाघ दिसेल का, आणि दिसला तर आपली लेन्स पुरेल का. पहिलीवर कुणाकडेच इलाज नाही. दुसरीवर दुकानदाराकडे दोन आहेत : आहे त्या लेन्सच्या मागे टेलिकन्व्हर्टर लावा, नाहीतर सरळ लांब पल्ल्याची प्राइम लेन्स घ्या. कन्व्हर्टर चाळीस-पन्नास हजारांच्या घरात मिळतो. लांब प्राइमचा भाव लाखांत सुरू होतो आणि दहा लाखांच्याही पलीकडे जातो. एवढा फरक पाहिल्यावर बहुतेक जण कन्व्हर्टर घेऊन घरी येतात आणि फोटो मऊ आले की त्याच्याच नावाने बोटं मोडतात. त्यातली निम्मी बोटं तरी उगाच मोडलेली असतात.

आधी हा डबा करतो काय ते पाहू. कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडी यांच्या मध्ये बसणारा अंतर्गोल भिंगांचा गट. लेन्समधून आलेले किरण सेन्सरवर एकवटायला निघालेले असतात. हा गट त्यांचं एकवटणं थोडं लांबवतो, त्यामुळे प्रतिमा मोठी पडते. कल्पना जुनी आहे. पीटर बार्लो या इंग्रज गणितीच्या नावाने ओळखलं जाणारं भिंग आकाश पाहणारी मंडळी एकोणिसाव्या शतकापासून दुर्बिणीला लावत आली आहेत, तत्त्व तेच. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की ३०० मिलिमीटरची लेन्स ४२० ची होते, दोन पटीचा लावला की ६०० ची.

इथपर्यंत खोक्यावरही लिहिलेलं असतं. खोक्यावर नसतं ते असं, की कन्व्हर्टर मागे बसतो, लेन्सच्या तोंडाची काच तीच राहते. ३०० मिलिमीटर एफ ४ लेन्स घ्या. ३०० ला ४ ने भागलं की ७५. म्हणजे प्रकाश ७५ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून आत येतो. १.४ चा कन्व्हर्टर लावल्यावर ती ४२० एफ ५.६ झाली. भागून पाहा, पुन्हा ७५. दोन पटीचा लावला, ६०० एफ ८, तरी ७५. वरणात पाणी वाढवलं की वाट्या जास्त भरतात, डाळ तेवढीच राहते, तसं हे. खरी ६०० एफ ४ प्राइम मात्र १५० मिलिमीटरचं तोंड घेऊन येते, म्हणजे तुमच्या लेन्सच्या चौपट प्रकाश गोळा करते. तिचे दहा-बारा लाख या तोंडाचे असतात, नुसत्या लांबीचे नव्हे.

हा हिशेब सगळ्यात जास्त बोचतो तो पहाटे. टिपेश्वर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवडा आणि घाटंजीकडचं, दीडशे चौरस किलोमीटरला जरा कमी पडणारं सागाचं रान. १९९७ साली अभयारण्य झालं, नाव तिथल्या टिपाई देवीवरून. सुन्ना किंवा माथणी गेटमधून जिप्सी आत शिरते तेव्हा उजाडलेलं असतं, पण सागाच्या सावलीत अजून झुंजूमुंजूच असतं. जनावर रस्त्यावर भेटायची शक्यता याच तासात जास्त. समजा, एफ ४ ला आणि १६०० आयएसओला तुम्हाला सेकंदाचा पाचशेवा भाग मिळतोय. चालत्या वाघाला तेवढा कसाबसा पुरतो. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप खातो, शटर अडीचशेव्या भागावर येतं. दोन पटीचा दोन स्टॉप खातो, मग सव्वाशेवा. त्यात लेन्स लांब झाली म्हणून हाताचा थरकापही दुप्पट मोठा दिसणार. शटर वाचवायचं तर आयएसओ ६४०० करा. आजकालच्या बॉडीला ६४०० म्हणजे काही संकट नाही, पण सागाच्या सुकलेल्या पानांच्या तपकिरी पार्श्वभूमीवर वाघाच्या अंगावरचे बारीक केस त्या दाणेदारपणात विरतात.

मुळात वाघासाठी एवढी लांबी लागते का? साधं गणित आहे. शेपटी सोडून वाघ पावणेदोन मीटर धरा. पन्नास मीटरवर तो आडवा उभा असेल तर ३०० ची लेन्स त्याला सेन्सरवर साडेदहा मिलिमीटर लांबीचा पाडते. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६, म्हणजे चौकटीचा तिसरा हिस्साही नाही. ४२० ला तो पंधराच्या आसपास जातो, ६०० ला २१ वर. इथवर ६०० जिंकली. आता तोच वाघ पंचवीस मीटरवर येऊ द्या. ३०० ला तो २१ मिलिमीटरचा, म्हणजे नेमका हवा तेवढा; आणि ६०० ला ४२, म्हणजे चौकटीत मावतच नाही. डोकं घ्यायचं की ढुंगण, एवढीच निवड उरते. वाघाला तर अंतराचं काही वाटत नाही. याच टिपेश्वरातला एक तरुण नर २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचेपर्यंत तेराशे किलोमीटरच्या वर चालला. जिप्सीपर्यंतचं अंतर तो दहा-वीस सेकंदांत कापतो, आणि तेवढ्या वेळात कन्व्हर्टर काढून होत नाही.

पक्ष्यांचं गणित मात्र उलटं. वीतभरापेक्षा जरा मोठा खंड्या वीस मीटरवर बसला तर ३०० ला तो सेन्सरवर चार मिलिमीटरचा दिसतो, ४२० ला सहाच्या आत आणि ६०० ला साडेआठ. इथे कितीही लांबी द्या, जास्त होत नाही. यवतमाळकरांना निळोणा आणि चापडोह ही गावाला पाणी पाजणारी धरणं घराजवळ आहेत, बाभूळगावकडे बेंबळा आहे. हिवाळ्यात तिथे उतरणारी बदकं माणूस काठावर आला की पाण्याच्या मध्यावर सरकतात. त्यांच्यासाठी ३०० अधिक कन्व्हर्टर ही तडजोड आहे, उत्तर नव्हे. ज्याचे बहुतेक रविवार धरणाच्या काठी जातात त्याने लांब प्राइमसाठी पैसे साठवावेत. टिपेश्वरला वर्षातून एकदा जाणाऱ्याने ते मुलांच्या शिक्षणाला ठेवावेत.

कन्व्हर्टरला एक फुकटचा प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे क्रॉप. १.४ पट जवळ आणण्यासाठी फोटो कापला की निम्मे पिक्सेल उरतात; ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर बावीस, २४ च्या बॉडीवर बारा. तोंडाचा व्यास तोच असल्याने जनावराकडून आलेला प्रकाशही दोन्हीकडे तेवढाच, म्हणून दाणेदारपणात दोघांत फार फरक पडत नाही. तुमची बॉडी ४५ मेगापिक्सेलची असेल तर १.४ चा कन्व्हर्टर बहुधा कपाटातच राहील. बारा मेगापिक्सेलसुद्धा भिंतीवरच्या मध्यम फ्रेमला पुरतात, मोबाइलवर पाठवायला तर त्याच्या पाव हिश्श्यात भागतं. फोकस मात्र क्रॉपने मंदावत नाही. कन्व्हर्टर लावला की मंदावतो, आणि जुन्या डीएसएलआरमध्ये तर एफ ५.६ च्या पुढे, काहींत एफ ८ च्या पुढे, ऑटोफोकस हातच टेकतो. मिररलेस बॉडी थेट सेन्सरवरून फोकस करतात, म्हणून तिथे ही अडचण बरीचशी सुटली आहे.

कन्व्हर्टर मागे बसून लेन्समधले दोषही ताणतो, हे विसरू नका. काठोकाठ तीक्ष्ण असलेल्या ३०० एफ ४ किंवा ४०० एफ ४.५ प्राइमच्या मागे १.४ चा कन्व्हर्टर लावला तर फरक शोधायला स्क्रीनवर डोळे लावून बसावं लागतं. तोच १५०-६०० किंवा २००-६०० झूमच्या मागे लावला तर आधीच एफ ६.३ असलेली लेन्स एफ ९ होते आणि पहाटेच्या रानात आंधळी होते. कॅननच्या आरएफ १००-५०० झूमला कन्व्हर्टर लावला तर ती ३०० च्या खाली येऊच शकत नाही. कन्व्हर्टरचं पुढे आलेलं भिंग आत शिरतं, त्याला जागा लागते. विकत घेण्याआधी कंपनीच्या यादीत आपली लेन्स आहे का ते बघाच. दोन पटीच्या कन्व्हर्टरबद्दल माझं मत एका वाक्यात आहे : एफ २.८ ची मोठी प्राइम जवळ नसेल तर तो दुकानातच राहू द्या.

कन्व्हर्टरचा एक गुण मात्र फारसा कुणी सांगत नाही. लेन्स जितक्या जवळचं फोकस करते ते अंतर तो बदलत नाही, फक्त प्रतिमा मोठी करतो. दीड मीटरवर फोकस होणारी ३०० आणि १.४ चा कन्व्हर्टर हे फुलपाखरं, चतुर आणि सरड्यांसाठी झकास जोडपं आहे. लांब प्राइमना तिथे तीन-चार मीटर मागे सरकावं लागतं.

आता उन्हाळ्याचं. मार्च-एप्रिलमध्ये साग पानं टाकतो, रान उघडं पडतं, जनावर पाणवठ्यावर येतं. म्हणून टिपेश्वरची गर्दी याच दिवसांतली. पण पारा ४४-४५ ला भिडला की नऊ वाजल्यापासून जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठायला लागतात. दूरचा रोही त्या लाटांत हलणाऱ्या पडद्यासारखा दिसतो. तिथे ६०० एफ ४ असो की कन्व्हर्टर लावलेली ३००, दोघी सारख्याच हरतात. लांबी वाढली की लाटाही मोठ्या होतात. ज्या मऊ फोटोंसाठी कन्व्हर्टरला दोष दिला जातो, त्यांतले कितीतरी खरं तर या हवेने बिघडवलेले असतात. तपासायचं असेल तर घराच्या गच्चीवर सकाळी सात वाजता वीस मीटरवरच्या छापील कागदाचा फोटो कन्व्हर्टर लावून आणि न लावता काढा. तिथे तीक्ष्ण आला आणि रानात नाही, तर कन्व्हर्टर निर्दोष. जिप्सीच्या तापलेल्या बॉनेटवरूनही याच लाटा निघतात, तेव्हा फोटो बाजूने काढावा आणि चालकदादांना इंजिन बंद करायला सांगावं.

धुळीचं तर सांगायलाच नको. पुढची जिप्सी गेली की रस्त्यावरची माती बराच वेळ हवेत तरंगते. अशा वेळी लेन्स काढून कन्व्हर्टर बसवणं म्हणजे सेन्सरला धुळीचं आमंत्रण. लावायचा असेल तर गेटवर नोंदणी होत असताना लावा, आणि फेरी संपेपर्यंत काढू नका.

अलीकडे या वादात तिसरा पर्याय आला आहे. निकॉनची ५०० एफ ५.६ पीएफ २०१८ मध्ये आली, वजन दीड किलोच्या आत. २०२३ मध्ये मिररलेससाठी ६०० एफ ६.३ आली, तीही साधारण तेवढ्याच वजनाची. ६०० एफ ४ प्राइम तीन किलोच्या वर जाते, तिच्यासाठी ज्वारी भरलेली पिशवी आणि मजबूत खांदा दोन्ही लागतात. या हलक्या प्राइम हातात धरून दिवसभर चालवता येतात. ६०० एफ ६.३ चं तोंड ९५ मिलिमीटरचं, म्हणजे कन्व्हर्टर लावलेल्या ३०० पेक्षा ती दीडपटीहून जास्त प्रकाश गोळा करते. माझ्या मते हौशी माणसाने लांब प्राइम घ्यायचीच असेल तर ती ही. गंमत म्हणजे सगळ्यात महागड्या लेन्सांतही कंपन्यांनी आता कन्व्हर्टर आतच बसवून टाकला आहे. कॅननने २०१३ च्या २००-४०० मध्ये, निकॉनने २०२२ च्या ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ मध्ये. खटका ओढला की १.४ पट, सोडला की मूळ लेन्स, धूळ नाही. कन्व्हर्टर वाईट असता तर चौदा-पंधरा लाखांच्या लेन्समध्ये कुणी घातला नसता.

तर पैसे काढण्याआधी गेल्या वर्षभरातले स्वतःचे फोटो उघडा. कितींना तुम्ही कापलंय आणि किती कापलंय ते बघा. वाघ, चितळ, अस्वल यांचे फोटो थोडेसे कापलेले असतील तर १.४ चा कन्व्हर्टर पुरे, किंवा तोही नको. पक्ष्यांचे फोटो पाव हिश्श्याखाली गेले असतील तर लांब प्राइम हवी. पण ती आधी एका हिवाळी शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा आणि निळोण्याच्या काठावर चालवून बघा. पुढच्या आठवड्यात बीनबॅग आणि मोनोपॉड : जिप्सीत काय चालतं, काय चालत नाही.