दुसरा बार

पेडगावच्या शिवारात तूर शेंगा धरू लागली की रात्रीची जागल सुरू होते. आखाड्यावर दोन माणसं, एक बॅटरी, पत्र्याचा डबा आणि दिवाळीतले उरलेले फटाके. एवढ्या सामग्रीवर रानडुकरांचा कळप परतवायचा. रोही निदान डब्याच्या आवाजाला बुजतो. डुक्कर दोन रात्रींत आवाज ओळखतं आणि तिसऱ्या रात्री डबा वाजत असतानाच शेंगा ओरपतं.

तीन वर्षांपूर्वी रीतसर परवानगी काढून आम्ही शेजारच्या शिवारातल्या एका परवानाधारक शेतकऱ्याला बोलावलं. त्याच्याकडे वडिलोपार्जित बारा बोअरची दुनळी. तीस-पस्तीस पावलांवर भला थोरला नर आला. पहिला बार बसला, पण मागे, पुठ्ठ्यावर. दुसऱ्या नळीचा घोडा नुसता ‘खट्’ वाजला. काडतूस जुनं होतं, ओल धरलेलं. जखमी डुक्कर तुरीत शिरलं. सकाळी माग काढायला गेलेल्या आमच्या गड्याची मांडी त्याने सुळ्याने फाडली. गडी वाचला, पण अजून लंगडतो.

त्या दिवसापासून माझा पुतण्या एकच पालुपद लावून आहे. “काका, सेमी ऑटोमॅटिक रायफल असती तर पाच बार काढले असते. गेलंच नसतं डुक्कर.” पोराचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, म्हणून मी हा विषय नीट धुंडाळला.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. सेमी ऑटोमॅटिकमध्ये एका चापाला एकच गोळी. फरक पडतो तो पुढच्या कामात. साध्या बोल्ट ॲक्शन रायफलीत बार झाल्यावर मूठ वर करून मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर पडते. मूठ पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत जातं. सेमी ऑटोमॅटिकमध्ये हे काम बाराच्या धुराचा दाबच करतो. नळीला बारीक भोक असतं. त्यातून थोडा वायू दट्ट्यावर येतो, दट्ट्या बोल्टला मागे रेटतो, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रायफल पुन्हा तयार.

शिकारीसाठी अशी रायफल काही काल-परवाची नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने आखलेली रेमिंग्टन मॉडेल 8 ही 1906 साली बाजारात आली. तिच्यात मात्र वायूऐवजी नळीच धक्क्याने मागे सरकत असे. वायूच्या जोरावर चालणारी ब्राउनिंग बार 1967 सालची, आणि युरोपात हाकाऱ्यांच्या डुक्कर-शिकारीत ती आजही दिसते.

आता नेमबाजी. सेमी ऑटोमॅटिकचा नेम कच्चा, हा जुन्या शिकाऱ्यांचा समज. तो पूर्ण खोटा नाही. बोल्ट ॲक्शनमध्ये बोल्ट दर वेळी एकाच जागी घट्ट बसतो, नळीला फारसं काही चिकटलेलं नसतं, चापही हलका आणि स्वच्छ करता येतो. दुसरीत नळीवर दट्ट्याचं लोढणं, वर हलणाऱ्या भागांचे धक्के. पण आकडे पाहिले तर या तफावतीचा बाऊ करण्यात अर्थ नाही. चांगली बोल्ट रायफल शंभर मीटरवर तीन-चार सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते, चांगली सेमी ऑटोमॅटिक पाच-सहाच्या. डुकराच्या काळीज-फुप्फुसाची जागा सोललेल्या नारळापेक्षा थोडी मोठी, साधारण पंधरा सेंटिमीटर. आणि आमच्याकडे रात्री शंभर मीटरवर बार टाकतो कोण? चाळीस पावलांवर दोन्ही रायफली सारख्याच. तिथे चुकतो तो माणसाचा श्वास, थंडीने काकडलेलं बोट आणि बॅटरी धरणाऱ्याचा हात. आमचा पहिला बार मागे बसला त्यात बंदुकीचा काही दोष नव्हता.

खरा प्रश्न भरवशाचा. बोल्ट रायफल चालते ती माणसाच्या हाताने. काडतूस जरा कमजोर असो, पुंगळी अडकलेली असो, हात जोर लावतो. सेमी ऑटोमॅटिक चालते काडतुसाच्या दाबावर. दाब कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातून परततो आणि पुंगळी तोंडात दाताखाली अडकल्यासारखी बसते. दाब जास्त झाला तर आतले भाग झिजतात. वायूसोबत काजळी येते, ती दट्ट्यावर साचते. तेल जास्त दिलं तर तेलावर धूळ बसते, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ कशी असते ते हरभऱ्याच्या राशीजवळ बसलेल्याला सांगायला नको. म्हणून या रायफली वाईट ठरत नाहीत. चांगल्या बनावटीची, एकाच जातीची ताजी काडतुसं आणि दर वेळी साफसफाई एवढं जपलं तर त्या वर्षानुवर्षं चालतात. दुर्लक्ष मात्र त्यांना खपत नाही. रेमिंग्टनचं 742 हे मॉडेल 1960 पासून वीसेक वर्षं भरपूर खपलं. पण बोल्ट आत ज्या खाचांवरून सरकतो त्या झिजल्या की रायफल अडायला लागते, आणि झिजलेल्या खाचा दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य, अशी तिची ख्याती झाली.

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे वळतो. त्या रात्री दगा दिला तो ओल्या काडतुसाने. तेच काडतूस सेमी ऑटोमॅटिकमध्ये असतं तर काय झालं असतं? बार नाही म्हणजे वायू नाही, वायू नाही म्हणजे बोल्ट जागचा हलणार नाही. अंधारात हाताने मूठ ओढून ते काडतूस बाहेर काढावं लागलं असतं. म्हणजे नेमक्या अडचणीच्या क्षणी तिची बोल्ट रायफल होते, फक्त ज्याच्या हाती ती असते त्याला हाताची सवय नसते. वाघामागे जाणारे जुने शिकारी दुनळी रायफल पसंत करत त्याचं कारण हेच. दोन नळ्या, दोन चाप, जणू दोन स्वतंत्र बंदुका. एक रुसली तरी दुसरी हातात. आमच्या दुनळीने पहिला बार आधीच खर्चून टाकला होता, हे आमचं नशीब. जिम कॉर्बेटने 1930 मध्ये चौगढची नरभक्षक वाघीण मारली ती .275 रिग्बी या बोल्ट रायफलीने. डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती म्हणून एका हाताने रायफल वळवून, एकच गोळी झाडून. दुसऱ्या गोळीला तिथे वावच नव्हता.

सेमी ऑटोमॅटिकचा खरा फायदा म्हणाल तर तो हाच: डोळा नेमावरून न हलवता झटपट दुसरा बार. तो फायदा मोठा आहे, जखमी जनावर पळू न देणं हे पुण्याचंच काम. पण पाच काडतुसं आत आहेत म्हटल्यावर पहिल्या बाराची किंमत उतरते, अशी शंका जगभरच्या कायदे करणाऱ्यांना आलेली दिसते. युरोपातल्या 1979 च्या बर्न कराराने दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझिन असलेल्या सेमी ऑटोमॅटिकला शिकारीत मनाई केली. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात 2017 मध्ये लहान शिकारीला ती खुली झाली, मोठ्या शिकारीला नाहीच.

आपल्याकडचा कायदा तर पुतण्याच्या स्वप्नाच्या आड उभाच आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत सेमी ऑटोमॅटिक शस्त्रं निर्बंधित वर्गात आहेत, जिल्ह्याच्या नेहमीच्या परवान्यावर अशी रायफल मिळत नाही. मूळ 1959 च्या कायद्याने पीकसंरक्षणासाठी धरलेली आहे चक्क ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची. मला आधी हसू आलं. डुक्कर आल्यावर दारू ठासत बसायचं का? जनावराची परवानगी आणखी वेगळी. रानडुक्कर आणि रोही 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहेत, उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट अनुसूची 1 मध्ये, त्याने सगळा हरभरा खाल्ला तरी बंदुकीचं नाव काढायचं नाही.

पण गुळगुळीत नळीमागे एक शहाणपण आहे, ते मला आमच्याच बांधावर उभं राहून कळलं. मोठ्या रायफलीची गोळी चुकली तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. गोळी अडवायला डोंगर लागतो, आणि परभणीच्या या सपाटीत डोंगर कुठला? जमीन तव्यासारखी. डुकराच्या मागे तूर, तुरीमागे दुसऱ्याचा आखाडा, त्यावर आमच्यासारखीच जागल करणारी दोन माणसं. शिवाय रेल्वेचा रूळ. पाच झटपट बारांतला चौथा कुठे गेला हे सांगणार कोण? बारा बोअरच्या छर्ऱ्यांचा जोर त्यामानाने फार लवकर सरतो.

यंदा आखाड्याला लागून बारा फुटांचा माळा बांधला आहे. वरून खाली बार टाकला की चुकलेला छर्राही काळ्या मातीत जिरतो. दुनळी तीच आहे, काडतुसं मात्र नवी, कोरड्या डब्यातली. अंतर वीस पावलांचं, तिथे खुणेचा दगड पुरला आहे. त्याच्या पलीकडे डुक्कर असेल तर ते खात राहू द्यायचं. बॅटरी पुतण्याकडे दिली आहे. ओढ्यापलीकडच्या आखाड्यावरचा दिवा डुकराच्या सरळ रेषेत दिसला तर त्याने बॅटरी विझवायची, असं ठरलं आहे. परवा रात्री त्याने ती दोनदा विझवली. तुरीच्या चार ओळी गेल्या.